परदेशी मालकिणीचं भाडं

आबा, तुम्ही बांधलेल्या घराचा खालचा मजला रिकामा झालाय. सिस्टर गेल्या, वैरागला, भावाकडे. पंधरा वर्षं आपल्याकडे भाड्याने राहिलेली, सरकारी दवाखान्यातली नर्स माझ्यामुळे घर सोडून गेली, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं तेच कळत नाही.

तरुणपणी तुम्हाला सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची. म्हणून स्वतःचं घर झाल्यावर भाड्यासाठी तुम्ही कुणाला कधी वर बोलावलं नाहीत. एक तारखेला पावती लिहून स्वतः खाली जायचात. मी एकदा जिन्यातून ओरडले, "सिस्टर, भाडं घेऊन वर या," तर केवढे चिडलात! "भाडं देती म्हणून ती काय आपली चाकर हाय व्हय? पुन्यांदा असं बोलवायचं न्हाय." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

तुमच्यामागे घर माझ्या नावावर झालं, मी इंग्लंडातच राहिले आणि भाडं खात्यात येत राहिलं. तिथे राहते म्हणून इथलं भाडंही तिथल्या सरकारला कळवावं लागतं. ते मी पै न् पै कळवलं, कर भरला. त्यांची भीती वाटते ना! पण घर सोलापुरात, म्हणजे कराचा पहिला हक्क इथला. इथे भरलेला तिथे वजा होतो. आणि मालक परदेशात असेल तर हा कर भाडेकरूनेच भाड्यातून कापून सरकारात भरायचा. नाही कापला तर धरतात भाडेकरूला. सिस्टर दर वर्षी घरभाड्याच्या करसवलतीसाठी भाड्याची पावती आणि माझा पॅन नंबर नेमाने दवाखान्याच्या ऑफिसात देत होत्या. त्यावरूनच नोटीस निघाली, त्यांच्या नावाने. मागच्या वर्षांचा सगळा कर, वर व्याज. निवृत्तीला चार महिने उरले होते.

मी धावत आले. सिस्टर समोर बसल्या आहेत, नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर. "मी आयुष्यात कुणाचं बुडवलं न्हाय ओ ताई. आता ऑफिसात समदे माझ्याकडंच बघत्यात." मी म्हटलं, सगळे पैसे मी भरते. भरलेही. त्याने काय होतं? त्यांनी सामान बांधायला घेतलंच होतं. कागद आला की छातीत धडधडतं म्हणाल्या, हितं आता झोप लागत न्हाय. मी खूप विनवलं. परवा टेम्पो आला आणि त्या गेल्या. आता घराला कुलूप लावून मीही जाईन, आणि मला नाही वाटत हे घर पुन्हा कधी नांदतं होईल.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी एक फोन केला असता तर मी कापला असता की. तुमाला म्हायती न्हवतं का?"

"नव्हतं हो," मी म्हणाले. त्यांना ते पटलं. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

आबा, तिथल्या करसल्लागाराने मला हे पहिल्याच वर्षी लिहून कळवलं होतं. एवढी कटकट ऐकून सिस्टर घर सोडतील, दुसरा भाडेकरू कुठे शोधू, म्हणून मी गप्प बसले. खरं तर हे पत्र त्यांना लिहायला घेतलं होतं, वैरागचा पत्ताही आहे माझ्याकडे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.