फिल्टर हाऊसमधली पाटी

१२ एप्रिल

घूंऽऽ — मग गडगड — आणि एकदम खदखद! पाणी गाळायच्या वाळूचा थर धुवायला खालून हवा सोडली की असा आवाज यायचा. नोकरीत चौतीस वर्षं ऐकला. आज पहाटे अर्धवट झोपेत पुन्हा ऐकला आणि उठून बसलो.

"अहो, शेजारची मोटर आहे ती," ही म्हणाली. "तुमची वाळू जाऊन दोन वर्षं झाली. झोपा."

गेली नाही. काढली. तिच्या जागी मेम्ब्रेनच्या गाळण्या बसवल्या. आणि त्या कागदावर सही कुणाची? आमच्याच लेकीची! जलशुद्धीकरण केंद्राची प्रमुख झाली आणि पहिलं काम हे केलं. तेव्हापासून ती फोनवर फक्त आईशी बोलते. मीही विचारत नाही.

१५ एप्रिल

नळाला करंगळीएवढीही धार नाही. संध्याकाळी चावीवाला आला. माझ्या हाताखाली कामाला लागलेला, अजून गल्लोगल्लीचं पाणी सोडतो.

"साहेब, मेम्ब्रेन चोंदतायत. त्या दोऱ्यासारख्या पोकळ नळ्या शेवाळानं नुसत्या बुळबुळीत झाल्यात. आधी अर्ध्या तासानं उलटं पाणी मारून धुवायचो, आता दहा मिनिटांनी. गाळलेलं पाणी धुण्यातच संपतंय!"

बरं झालं! — हे लिहिताना लाजसुद्धा वाटत नाही. माझी वाळू बिचारी काहीही पोटात घ्यायची.

तो गेल्यावर ही म्हणाली, "पोर तिथं रडकुंडीला आलीय आणि तुम्ही हसताय?"

"हसत नाही. दाढ दुखतेय."

"ती मागच्या वर्षी काढली तुम्ही!"

१६ एप्रिल

कॅन घेऊन तलावावर गेलो. पाणी बरंच उतरलंय, वर हिरवी साय. काठावर बसून राहिलो. तिसरीत गुरुजी कविता म्हणताना 'जळ' हा शब्द असा उच्चारायचे की आम्हाला तहान लागायची. वर्गातली निम्मी पोरं माठाकडे! आता असं कोण म्हणतं? आता पाण्याला फक्त आकडे.

१७ एप्रिल

हिच्या दोन काचेच्या बरण्या पळवल्या. दोन्हींत तलावाचं पाणी. एकीत आधी ब्लीचिंग पावडर, म्हणजे क्लोरीनच, मग तुरटी. दुसरीत नुसती तुरटी. चमच्यानं एक मिनिट भरभर ढवळलं, पंधरा मिनिटं हळूहळू, मग अर्धा तास हात लावला नाही.

नुसत्या तुरटीच्या बरणीत शेवाळ अख्खंच्या अख्खं गोळा होऊन तळाशी बसलं. वरचं पाणी गाळणकागदातून सरसर उतरलं. ब्लीचिंगच्या बरणीतलं पाणी दिसायला गोरं, पण कागदावर ओतलं तर थेंब... थेंब... मग तेही बंद. शेवाळाच्या पेशी फुटल्या, पोटातला चिकटा पाण्यात उतरला, त्यानं कागद लिंपला. मेम्ब्रेनचं हेच होतंय!

पत्र लिहिलं. वर तारीख, खाली चार ओळी. मेम्ब्रेनच्या आधीचं क्लोरीन बंद कर. तलावातलं पाणी वरच्या दारातून न घेता खालच्या दारातून घे. तुरटीनं शेवाळ जिवंतच खाली बसव. क्लोरीन सगळ्यात शेवटी.

टपालात टाकायच्या ऐवजी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"पाठवताय ना?" हिनं विचारलं.

"विचारायला येऊ दे."

"ती येणार नाही. हट्टी आहे. कुणावर गेलीय ते ठाऊक आहे मला."

२१ एप्रिल

अजून कुणी विचारलं नाही.

२४ एप्रिल

चावीवाला पुन्हा आला. चेहरा उतरलेला. "उद्या मॅडमची चौकशी आहे, साहेब. अर्धं गाव कोरडं. रोज दुप्पट क्लोरीन घालतोय, तरी चोंदतंयच!"

माझा पारा चढला. "मेम्ब्रेनच्या आधी दुप्पट क्लोरीन? कुठल्या गाढवानं सांगितलं?"

तो मग पायाच्या अंगठ्याकडे बघत, चालीवर म्हणाला —

'हिरवट छाया दिसे जळाला,
क्लोरिन आधी दुप्पट घाला.'

माझी कविता.

कामगारांच्या तोंडी बसावी म्हणून रचली होती. सोळा-सोळा मात्रा, चोख. मीच फिल्टर हाऊसमधल्या लोखंडी पाटीवर रंगवली, खाली नाव घातलं. वाळूला ते चालायचं. लेक सहा वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन त्याच पाटीवर जोडाक्षरं शिकवली. 'क्लो' म्हणताना ती जीभ बाहेर काढायची.

"जुनं सगळं भंगारात गेलं," चावीवाला म्हणाला. "पण त्या पाटीला मॅडमनी हात लावू दिला नाही."

ड्रॉवर उघडला. पत्र काढून त्याच्या हातात कोंबलं. पळ म्हटलं!

तो गेल्यावर आठवलं — वरची तारीख बदलायची राहिली.

२७ एप्रिल

नळाला चांगली धार. हिनं पिंपं भरली, बादल्या भरल्या, पातेलीसुद्धा सोडली नाहीत. फोन नाही.

२८ एप्रिल

सकाळी बेल वाजली. चावीवाला असेल म्हणून बनियनवरच दार उघडलं. लेक! काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी.

"दुप्पट क्लोरीन कुणी घालायला सांगितलं, चौकशीत विचारत होते. मी म्हटलं, मीच. आजपासून माझ्या जागी दुसरे साहेब येतायत. त्यांनी बघण्याआधी ही पाटी काढून आणली. खाली तुमचं नाव आहे."

मी चादरीचा कोपरा उचलून बघितला.

"पत्र मिळालं, बाबा. सतरा तारखेचं." आणि मग, "धरा ना. जड आहे."