दोघांत एक पागोटं

तीर्थरूप नाना,

तुमचं पागोटं मला कितीला पडलं याचा हिशेब काल लागला. सोळा हात कापड, तुमच्या मिशा आणि तुमची शेवटची आठ वर्षं. आजवर मी ते फुकटच समजत होतो.

काल लग्नसराईचा माल घेऊन लोहारद्याच्या बाजारी गेलो होतो. पानवाला कुणाला तरी सांगत होता, की पिंपळाखाली बसणारे दख्खनी नाना मागच्या अमावास्येला गेले. माझे कान तुम्हांला ठाऊकच आहेत. पान हातातच राहिलं. म्हणून हे लिहायला बसलो. पत्ता कुठला घालू, असा प्रश्नच नाही. हयात होतात तेव्हा तरी तुम्हांला पत्ता कुठे होता?

धारच्या धर्मशाळेत आपण भेटलो ते आठवतं का? मी अमझेऱ्याचा, प्लेगात घर रिकामं झालेला, विशीतला पोरगा. तुम्ही एका सरदाराकडचे पागोटं बांधणारे. ते वारले, वारसाला टोपी आवडायची. तुमची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर राहायची खोलीही. चौथ्या दिवशी रखवालदार माझी वळकटी भिरकावत होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी तोंड धू, गोविंदा. या अवतारात तुला मीसुद्धा हाकलला असता."

नंतर देवासपर्यंतच्या वाटेवर तुम्ही मला रस्त्यावर राहायला शिकवलंत. धोतर दुपारी धुवायचं, दोघांनी दोन टोकं धरून चालता चालता वाळवायचं, निजताना घडी करून अंगाखाली घ्यायचं. दात राखेने. न्हाव्याची जागा झाडून द्यायची, म्हणजे आठवड्याला दाढी होते. निजायचं ते एखाद्या घोरणाऱ्या कुटुंबाला लागून, म्हणजे शिपायाला आपण त्यांच्यातलेच वाटतो. आणि तोंडावर पांघरूण घ्यायचं नाही. "मढं समजतील नाहीतर चोर," म्हणायचात.

देवासात तर दोन राज्यं. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. या पातीचा शिपाई काठी आपटत आला की आपण रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून त्याला रामराम घालायचा. काठी आधी ऐकू यायची मला, पण पळण्यात पहिले तुम्ही.

अंगरखा एक, पागोटं एक, माणसं दोन. बोडक्या डोक्याच्या माणसाला कामाला कोण उभं करतो? म्हणून एक दिवस तुमचा, एक माझा. ज्याची पाळी नसेल त्याने गोणपाट गुंडाळून टेकडीच्या पायथ्याशी बसायचं. संध्याकाळी तिथेच बसल्या बसल्या तुम्ही मला त्या गोणपाटावर पागोट्याचे पेच घालायला शिकवलंत.

तो दिवस तुमचा होता, नाना. आदल्या संध्याकाळी मी दोन व्यापाऱ्यांचं बोलणं ऐकलं. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना पागोटी बांधून दाखवायला माणूस हवा, स्वच्छ दिसणारा, राहायला जागा मिळेल. तुमचाच धंदा! मी तुम्हांला एवढंच म्हटलं, "नाना, उद्या मला जाऊ द्या, परवा तुम्ही." तुम्ही स्वतःच्या हाताने ते माझ्या डोक्यावर बांधलंत आणि मागे सरून बघितलंत. "झकास. जा."

मी परत आलो नाही. येणार होतो, असंही लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गोणपाटात दुकानाच्या पायरीशी आलात. त्या सकाळी पागोटं मी स्वतःच बांधलेलं. शेटने विचारलं, "गोविंदराव, ये आपका आदमी है क्या?" मी म्हटलं, "भिखारी होगा. पहचानता नहीं." तुम्ही माझ्या तोंडाकडे नाही, डोक्याकडे पाहिलंत. "माफ करा मालक, चुकलो. डावा पेच तेवढा ढिला आहे." आणि उभेच राहिलात. मी नोकराला सांगितलं, "याला रस्त्यापलीकडे पोचव." नेमकं तुमच्याकडूनच शिकलेलं.

शिवी का नाही दिलीत? भर बाजारात पागोटं ओढून घेतलं असतंत तर मी काय केलं असतं?

आज दुकानावर माझ्या नावाची पाटी आहे. धारपासून देवासपर्यंत नवरदेवाचं पागोटं गोविंदरावांनीच बांधावं असं लोक म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत.

काल पानवाल्याला विचारलं, कसे होते ते नाना? तो म्हणाला, "भिया, रोज न्हाई-धोई ने बैठता था. घोटमघोट, मूँछ भी नी. उनको जवान बेटो मरी ग्यो थो देवास में. तभी से सिर पे पाग नी धरी." मुलाचं नाव विचारलं. "गोविंद."

म्हणजे बोडक्या डोक्यावर पागोट्याच्या जागी तुम्ही सुतक घातलंत. आठ वर्षं मिशी उतरवत राहिलात, आणि मुलगा गेलेल्या बापाला कोणी हाकललं नाही. युक्ती नामी होती, नाना. रस्त्यावर सुरक्षित राहायला तुम्ही मला मारलंत. रागाने की मायेने, हे विचारायला मी लोहारद्याला महिनाभर उशिरा पोचलो. आठ वर्षांत एकदाही त्या बाजूला गेलो नव्हतो असं नाही. पिंपळ मला दुरून दिसायचा. त्याखाली कोण बसतं ते पाहायला कधी वळलो नाही.

उद्या सकाळी न्हावी येईल. मिशी उतरवतो. दहा दिवस, ऐन लग्नसराईत, दुकानाच्या गादीवर बोडक्या डोक्याने बसतो. कोण गेलं विचारतील. वडील गेले म्हणेन, आणि त्यांना या पायरीवरून मी कसं हाकललं तेही सांगेन. गिऱ्हाईक उठून गेलं तर जाऊ दे. हा माझा शब्द आहे, आणि या वेळी पाळी बदलणार नाही.

आपला, देवासला वारलेला मुलगा,
गोविंद

ता. क. डावा पेच अजून ढिलाच बसतो. दुपारपर्यंत सुटतो.