मालिनाइट आणि माझ्या वाढत्या ओळखी

सोमवार, ३ एप्रिल १९३३

कालच्या नोंदीत चूक आहे. हरिश्चंद्राला पळी फेकून मारली असं लिहिलं. फेकली नाही. पळी शेवटपर्यंत माझ्या हातात होती. ती रिकामी होती असंही लिहिलं, तेही खरं नाही. तिच्यात काजूच्या टरफलांचं गरम तेल होतं. ते त्याच्या उजव्या गालावर आणि मनगटावर गेलं. उरलेलं जमिनीवर सांडलं, म्हणजे वाया गेलं. या वहीत खोटं लिहायचं नाही असा नियम आहे, म्हणून दुरुस्ती.

कारण मात्र काल बरोबर लिहिलं आहे. तो म्हणाला, मालिनाइटपेक्षा शेण लवकर वाळतं.

गाल फुगून डोळा बंद झाला आहे. हे तेल उततं, अंगावर फोड आणतं, हे इथे जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी हा माझ्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, चुलीला चिकटून उभा राहिला. आता कचेरीतून रजा काढून पडवीत पडला आहे. खोबरेल लावायला गेले तर तांब्या फेकला. चुकवला आणि शांत राहिले. माझा स्वभाव मुळात शांत आहे.

मी स्वतः हाताला खोबरेल आणि राख चोळून, वर चिंध्या बांधून काम करते. वर्षभरात एक फोड नाही. याचा मला योग्य तेवढाच अभिमान आहे.

बुधवार, ५ एप्रिल

मोठी बातमी. मुंबईचे रावसाहेब गोपाळकृष्ण आंब्यांसाठी सहकुटुंब खाडीपलीकडे भाट्याच्या बंगल्यात येऊन राहिले आहेत. त्यांची बेकेलाइटचे स्विच आणि मुठी घडवण्याची फॅक्टरी आहे. लॅबोरेटरीत एक असिस्टंट हवा आहे, आणि मेअखेरच्या शेवटच्या बोटीने जाताना ते माणूस बरोबरच नेणार आहेत. त्यानंतर पावसाळाभर बोटी बंद.

ती जागा माझी आहे. काजूच्या टरफलांचं तेल, त्यात फॉर्मॅलिन, मंद आच, मग साच्यात घालून दोन दिवस चुलीची ऊब. शिंगासारखा काळा, कठीण पदार्थ होतो. बेकेलाइटला त्याच्या शोधकाचं नाव आहे, म्हणून याला माझं.

फॉर्मॅलिन आप्पांच्या सापाच्या बाटलीतलं घेते. आप्पा शाळेत सायन्स शिकवत. हायड्रोजनच्या प्रयोगात डावा कान गेला आणि पाठोपाठ नोकरी. मग घरात मीच विद्यार्थिनी उरले. साप सध्या कुंपणाच्या गडग्यावर वाळतो आहे. आईने अजून पाहिलेला नाही.

आप्पा म्हणतात, केमिस्टला तीन गोष्टी लागतात: तराजू, चिकाटी आणि ओळखी. तराजू त्यांनी विकला. चिकाटी माझ्याकडे आहे. ओळखी त्यांनी भांडणांत संपवल्या. तेव्हा निश्चय: या चैत्रात ओळखी वाढवायच्या. रावसाहेबांशी मी थेट बोलू शकत नाही, पण त्यांच्या पत्नी यमुनाबाई चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगळीकडे जाणार. मीही जाणार.

नाही जमलं तर आई पालीच्या आत्मारामांना होकार कळवणार आहे. बिजवर. मोटारस्टँडवर किराणा आणि चहा. वैशाख संपेपर्यंत मुदत दिली आहे. पण न जमण्याचं कारण दिसत नाही.

शुक्रवार, ७ एप्रिल

वकिलीणबाईंकडचं हळदीकुंकू उत्तम झालं. यमुनाबाईंच्या शेजारच्या पाटावर मामलेदारांची कमळा बसली होती. तिला जरा सरकायला सांगितलं. ती सरकली नाही, म्हणून सरकवली. तिच्या हातातलं पन्हं यमुनाबाईंच्या पैठणीवर गेलं. कमळाने माझी वेणी धरली. मी तिचा दंड चावले, पण हलकेच. दोघी आंब्याच्या डाळीच्या परातीत पडलो. गौरीची आरास कलली, ती आम्ही पाडली असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. कलली.

यमुनाबाईंनी दोनदा विचारलं, ही कुणाची मुलगी. म्हणजे लक्षात राहिले. पहिल्याच भेटीत एवढं पुष्कळ.

मंगळवार, ११ एप्रिल

मडकं फुटलं. आच मंद होती. पुरेशी मंद नव्हती. झाकण कौलांतून वर गेलं आणि पलीकडच्या दादूच्या अंगणात त्याच्या कोंबड्यावर पडलं. कोंबडा जागच्या जागी गेला.

दादू कोयता घेऊन आला. आप्पा छत्री घेऊन बाहेर पडले. दादू म्हणाला, बापूस बहिरा नि पोर वेडी, मधल्यामध्ये माझा कोंबडा मेला. आप्पांना पहिली तक्रार ऐकू आली नाही, दुसरी आली, आणि त्यांनी छत्री चालवली. छत्रीची काडी दादूच्या नाकात गेली. दादूने आप्पांचा चष्मा पायाखाली चिरडला. मी मध्ये पडले ते सोडवायला, पण हातात मुसळ होतं, त्यामुळे दादूचा अंगठा दुखावला.

शेवटी होडीला फासायला डबाभर तेल घेऊन तो गेला. कोंबड्याची भरपाई म्हणाला. मी ते पहिलं गिऱ्हाईक धरते.

आईला साप सापडला. त्याबद्दल लिहीत नाही. पाठ दुखते आहे.

मंगळवार, १८ एप्रिल

आजचा दिवस माझ्या करिअरमधला सर्वांत मोठा. आमच्याकडचं हळदीकुंकू. गावातल्या सगळ्या बायका आल्या, कमळासुद्धा (दंडाला पट्टी). यमुनाबाई तरीतून खाडी ओलांडून आल्या.

योजना अशी होती. ताटात चांदीच्या करंड्याऐवजी मालिनाइटचा करंडा ठेवायचा. आई त्यातलं कुंकू प्रत्येकीला लावणार, प्रत्येकीची नजर करंड्यावर जाणार, कुणीतरी विचारणार. तसंच झालं. यमुनाबाईंनी विचारलं, हे शिसवी का. मी म्हणाले, नाही बाई, मालिनाइट. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, टिचकी मारली, रावसाहेबांना दाखवायला हवा म्हणाल्या.

करंडा दोनऐवजी एकच दिवस उबेला होता, कारण आईला पन्ह्याच्या कैऱ्या उकडायला चूल हवी होती. बाहेरून कडक झाला होता. आतून किंचित ओलसर वाटला. कुंकवाने ओल शोषून घेतली असावी.

बुधवार, १९ एप्रिल

आईची अनामिका वांग्याएवढी झाली आहे. काहीतरी चावलं असेल.

गुरुवार, २० एप्रिल

कपाळं उतली. सगळ्यांची.

सकाळी नवरे आले. वकील, मामलेदार, मागून आणखी. वकिलांच्या हातात घोड्याचा चाबूक होता. हरिश्चंद्र पडवीत होता. त्याला पहिल्यांदा धरलं. तो माझ्याकडे बोट दाखवून ओरडत राहिला की मी नाही, ती, ती करते. कुणी ऐकलं नाही. बहिणीच्या पदराआड लपतो म्हणून त्याला जास्तच मार बसला. नाक फुटलं, सदरा फाटला. आप्पांनी काठी घेतली आणि चष्मा नसल्यामुळे पहिला तडाखा आमच्याच तुळशीला दिला. वकिलांनी आप्पांचा गळा धरला, तेव्हा मी वकिलांचा हात चावले. हलकेच नाही. मामलेदारांना मी मुसळ मारलं असं ते म्हणतात. मुसळ भिंतीला टेकून ठेवलं होतं. (दुरुस्ती: आधी मारलं, मग टेकून ठेवलं.)

मडकी फोडली. साचे फोडले. तेलाची घागर अंगणात उपडी केली, आणि त्या तेलात मामलेदार घसरून बसले. त्यांचं उद्या कळेल.

सर्वांत शेवटी रावसाहेब आले. ताटातला करंडा उचलला आणि जांभ्याच्या पायरीवर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, सगळ्या जोराने. पायरीचा टवका उडाला. मग त्यांनी तो आप्पांना फेकून मारला. आप्पांचं कपाळ फुटलं. करंडा फुटला नाही.

रावसाहेब तिथेच उभे राहिले. करंडा उचलला, रक्त धोतराला पुसलं, उजेडात धरून फिरवून पाहिला, आणि खिशात घालून गेले.

आप्पा कपाळ धरून जमिनीवर बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "करंड्याला चरा तरी गेला का ग?" मी म्हणाले, नाही आप्पा. आम्ही दोघं हसलो. आईने आम्हा दोघांनाही मारलं.

रविवार, २३ एप्रिल

रावसाहेबांनी भाट्याला बोलावलं. आप्पा (डोक्याला फडकं), हरिश्चंद्र (गालावर डाग, नाकावर पट्टी) आणि मी. कोरं लुगडं नेसले. बोलायचं सगळं पाठ केलं होतं.

करंडा टेबलावर होता. यमुनाबाई पडद्याआड. रावसाहेब म्हणाले, पदार्थ असामान्य आहे, जाळला, ठोकला, ॲसिडात घातला, काही होत नाही. झालेला प्रकार ते विसरायला तयार आहेत. करणारा कोण?

आप्पांनी माझ्याकडे हात केला. रावसाहेब हसले. म्हणाले, मार चुकवायला मुलीचं नाव पुढे करणं परवापर्यंत समजण्यासारखं होतं, आता त्याची गरज नाही. मी पुढे होऊन सगळी कृती सांगितली, तेलापासून आचेपर्यंत. ते ऐकत होते. मग हात दाखवायला सांगितले. मी दोन्ही हात पुढे केले, तळवे, मग पाठी. ते म्हणाले, "या हातांना काजूचं तेल कधी शिवलेलं नाही. पाठांतर चांगलं आहे."

राख आणि खोबरेल सांगितलं. पडद्याआडून हसू आलं.

मग त्यांनी हरिश्चंद्राला खिडकीशी नेलं. गाल पाहिला, मनगट पाहिलं, अस्तनी वर करून पाहिली. म्हणाले, "हा काम केलेला माणूस."

हरिश्चंद्राने सांगायला तोंड उघडलं होतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पगार ऐकून मिटलं.

परतताना तो तरीतून खाडीत पडला. मी वल्हं सरळ करत होते, त्याचा धक्का लागला. (दुरुस्ती: वल्हं तरीवाल्याकडे होतं.)

बुधवार, १० मे

शांतपणे विचार केल्यावर दिसतं की झालं ते उत्तम झालं. महिन्यापूर्वी मुंबईच्या फॅक्टरीत माझी एकही ओळख नव्हती. आता लॅबोरेटरीत सख्खा भाऊ आहे. तो रुजू होईल, पहिल्याच आठवड्यात अडेल, आणि मला बोलावून घेईल. तसं त्याने तुळशीवर हात ठेवून कबूल केलं. हात पिरगळलेला होता, पण तुळशीवरच होता.

रोज त्याला शिकवते. काल त्याने फॉर्मॅलिनच्या बाटलीत नाक घातलं आणि बेशुद्ध पडला. थर्मामीटर ढवळायला वापरतो. मोडला की म्हणतो दुसरा दे. आज त्याला पळीने मारलं. रिकामी होती. खरंच रिकामी होती.

आईने पालीला होकार कळवला. उतलेल्या कपाळांच्या गावात दुसरं कुणी मला विचारणार नाही, आणि आत्मारामांच्या घरचं कुणी त्या हळदीकुंकवाला नव्हतं. माझी हरकत नाही. बोट आधी आहे.

सोमवार, २२ मे

शेवटची बोट गेली. हरिश्चंद्र नव्या कोटात. रावसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मी धक्क्यावरून निरोप दिला. समुद्र खवळलेला होता, म्हणून मीही जाण्याचा विचार रहित केला.

दुरुस्ती. समुद्र ताटासारखा शांत होता. बोटीपर्यंत माणसं नेणाऱ्या पडावात मी बोचक्यासकट उतरले होते आणि ट्रंकांमागे बसले होते. पडाव दादूचा आहे हे ध्यानात राहिलं नाही. दादूने मला काखेखाली धरून उचललं. त्याच्या दुखऱ्या अंगठ्याला चावले. त्याने मला धक्क्यावर टाकलं, बोचकं पाण्यात टाकलं, आणि म्हणाला, कोंबड्याचं आज फिटलं. आप्पा मला वेणीला धरून घरी आणत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी वेणी सोडली आणि पुढे एकटेच चालत राहिले.

हरिश्चंद्राने बोटीवरून रुमाल हलवला नाही. उन्हामुळे मी दिसले नसेन.

गुरुवार, १ जून

मुंबईहून बातमी आली. रावसाहेब आप्पांना कळवतात की हरिश्चंद्राचं काम समाधानकारक आहे. रावसाहेबांनी पदार्थाला नाव दिलं: हरिनाइट. तो अजून अडलेला नाही. अडेल.

लग्न पालीलाच करायचं ठरलं. इथे केलं तर अक्षता टाकायला बायका येणार नाहीत. रविवारी सकाळच्या मोटारीने सगळ्यांनी जायचं. मी एका शब्दाने विरोध केला नाही. आई त्यामुळे अस्वस्थ आहे.

कारण माझा बेत पूर्ण तयार आहे. मोटार कोल्हापूरची. पालीला थांबते. सगळे उतरतील. मी उतरणार नाही. धरून बसेन. ओढायला येईल त्याला मुसळ. मोटार पुढे घाटातून कोल्हापूर, तिथून रेल्वे, मुंबई, फॅक्टरी. दारात उभी राहून करंडा कुणाचा ते सांगेन. या वेळी हातांना राख लावणार नाही. आज दुपारी चिंध्या सोडून दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात बुडवले. रविवारपर्यंत चांगले उततील. आत्ताच लेखणी धरवत नाही.

किरकोळ अडचणी: मुसळ आईने रुखवतात बांधलं. कोल्हापूरच्या तिकिटाला पैसे नाहीत. आणि मोटार आत्मारामांचीच आहे, चालवतातही तेच, हे आज कळलं. त्यांनी निरोप धाडला आहे की नवरीला मोटार लागत असेल तर पुढे आपल्या शेजारी बसवावं. त्यामुळे बेतात काही फरक पडत नाही.

दिवस ठरला. रविवार, ४ जून १९३३.