नऊ फ्रेम

दि. ९ नोव्हेंबर, सकाळ

भावजींस,

तुम्ही वयानं लहान, तेव्हा वर आशीर्वाद लिहायला हवा. तीनदा पेन टेकवलं आणि तीनदा उचललं. आज साध्या नमस्कारावरच भागवून घ्या.

इकडे ठीक आहे. आईंचा गुडघा आता बराच सुधारलाय, जिना एकट्या चढतात आणि वर पोचल्या की सगळ्यांना ऐकू जाईल असं खाकरतात. तुमच्या दादांचं नेहमीचंच. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. पूर्वी मला याचं फार हसू यायचं. मधली दोन वर्षं आलं नाही.

तुमचा निरोप फोनवर आला, मी उत्तर मात्र कागदावर देतेय. कागदावर लिहिलेला आकडा लिहिल्यासारखा राहतो.

येत्या शनिवारी तुमचं मोठं व्याख्यान आहे, सहाशे खुर्च्यांचं सभागृह भरलंय, विषय ‘गेमिंगसाठी ओव्हरक्लॉक करणं परवडतं का?’, म्हणजे मशीन मूळ वेगापेक्षा जास्त पळवणं, हे सगळं कळलं. आमच्या घरातला जुना डेस्कटॉप तुम्हाला मंचावर हवाय, कारण ‘तुफान’ ही तुमची चढ्या वेगाची मांडणी त्याच्यावर जन्मली, हेही कळलं. आणि वहिनींनी दोन शब्द बोलावेत, या घरात दीर कसा घडला ते सांगावं, अशी तुमची इच्छा. वाचून खरंच बरं वाटलं होतं हो. आईंना वाचून दाखवलं तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

म्हणून मी तो डेस्कटॉप माळ्यावरून काढला. म्हटलं, सहाशे लोकांसमोर आपलं मशीन जाणार, धुळीनं माखलेलं कसं पाठवायचं? तुमचे दादा आणि मी मिळून तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे नेला. नुसतं साफ करून द्या, एवढंच सांगितलं. भावजी, तुमचं नाक वर राहावं म्हणून मी गेले होते, हे ध्यानात ठेवा.

दुरुस्तीवाली बाई बोलायला फटकळ आहे, पण कामाला पक्की. दोन दिवसांनी तिनं मलाच बोलावलं. म्हणाली, ‘‘मशीन आता मूळ वेगावर आहे, पण आत वेगाची एक जुनी मांडणी जपून ठेवलीय. ‘तुफान-७’ नावाची. कुणी चढवलं होतं हे एवढं?’’

‘‘आमच्या भावजींनी. गेमसाठी.’’ मी चक्क कौतुकानं सांगितलं.

‘‘आणि तेव्हा यावर आणखी कोण काम करायचं?’’

‘‘मी. सकाळी घरून कारखान्याची पत्रकं करायचे.’’

तिनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

मी कारखान्यात काय करत होते, हे तुम्ही आठ महिने आमच्याकडे राहून कधी विचारलं नाहीत, म्हणून आता सांगते. कापड रंगवायचा कारखाना. कुठल्या छटेला कुठला रंग किती घालायचा, त्याची पत्रकं माझ्याकडे. एकोणीस वर्षं. मी आकडा लिहून द्यायचा आणि रंगमास्तरांनी डोळे मिटून तो कढईत घालायचा, इतका विश्वास. तुम्ही राहायला आलात त्या वर्षी तीन लॉट बिघडले. राखाडी कापडात पिवळा ०.२ घालायचा, पत्रकात ०.६ निघाला, कापड शेवाळासारखं झालं. मग किरमिजीत लाल १.१ च्या जागी १.५. मग निळा, २.३ च्या जागी २.७.

माझी पत्रकं, माझी सही. भांडायचं कुणाशी?

रंगमास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘‘बाई, आता जरा आराम करा.’’ आणि मी त्याच टेबलावर राजीनामा लिहिला. तुम्ही त्या दिवशी घरीच होतात. मी चपला काढल्या नव्हत्या तोवर तुम्ही विचारलंत, ‘‘काय झालं वहिनी?’’ मी सगळं सांगितलं. आठवतंय ना?

माझ्या आईचं शेवटी कसं झालं होतं तुम्हाला माहीत आहे. मला ‘तुम्ही कोण’ म्हणायची. तिचंही आकड्यांपासूनच सुरू झालं होतं. तेव्हा मी काय समजले असेन, बघा. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. कुलूप लावून खाली उतरायचे आणि परत चढून बघायचे. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले, आणि काटे मी इतक्यांदा खोडले की त्यांनीच पाणी दिलं. रिपोर्ट चांगला आला, तरी माझी खात्री पटेना. दोन वर्षं मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव, मग घरातल्यांची नावं मनात म्हणत होते. तुमचंही म्हणायचे.

तर दुरुस्तीवाली. तिनं तुमची ‘तुफान-७’ परत चढवली आणि मेमरीची तपासणी लावली. बाविसाव्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. एका बाजूला ‘असायला हवं’, दुसऱ्या बाजूला ‘सापडलं’. ती म्हणाली, ‘‘बघा, मेमरीतला एकच कण अडकतोय. अधूनमधून. त्यामुळे शून्याचा चार होतो, एकाचा पाच, दोनाचा सहा, तिनाचा सात. दर वेळी बरोब्बर चार जास्त.’’

मी खुर्ची ओढून बसले. ०.२ चा ०.६. १.१ चा १.५. २.३ चा २.७. तीन लॉट मला तोंडपाठ आहेत भावजी, दोन वर्षं मी दुसरं केलंय काय?

‘‘पण मग यांचा गेम कसा चालायचा?’’ मी विचारलं.

‘‘गेममध्ये एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा उमटला तर पापणी लवायच्या आत निघून जातो. तुमच्या पत्रकातला आकडा चुकला की तिथंच ठाण मांडून बसतो.’’

मग मी तिला तुमच्या व्याख्यानाचाच प्रश्न विचारला, परवडतं का? ती काही तुमच्या धंद्याची वैरी नाही. म्हणाली, ‘‘हौस असेल, गेमपुरतं वेगळं मशीन असेल, ते गार ठेवता येत असेल आणि दोन-दोन दिवस तपासायची चिकाटी असेल, तर करावं की. मजा असते त्यात. लॅपटॉपवर मात्र नको, त्या बिचाऱ्याला आधीच श्वास घ्यायला जागा नसते. आणि दुसऱ्याच्या कामाच्या मशीनवर न विचारता करणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही.’’ काय म्हणते ते तिनं सांगितलं, मी लिहीत नाही.

तुमच्या नोंदवहीची फाईलही डेस्कटॉपमध्येच सापडली. आधी सेकंदाला ११२ फ्रेम, म्हणजे चित्रं, नंतर १२१, पुढे तीन उद्गारचिन्हं. नऊ फ्रेमचा फायदा! दुरुस्तीवालीनं आमचा स्क्रीन उलटा करून मागची पट्टी वाचली आणि तिला हसू आवरेना. तो स्क्रीन सेकंदाला साठच दाखवतो. म्हणजे त्या तुमच्या नऊ फ्रेम या घरात कुणी कधी पाहिल्याच नाहीत. तुम्हीसुद्धा नाही. त्यांच्यापायी माझी एकोणीस वर्षं गेली.

इथवर ठीक होतं, असं म्हणणार होते. म्हणता येत नाही, पण निदान म्हटलं असतं, लहान आहे, अक्कल नव्हती, चुकलं. पण त्याच वहीशेजारी तपासणीचा एक अहवाल पडला होता. चुका २१४. तारीख त्याच वर्षीची, १२ ऑक्टोबर. मशीन मूळ वेगावर आणलंत ते पंधराच्या संध्याकाळी, तीही नोंद आहे. माझा राजीनामा पंधराच्या दुपारचा.

म्हणजे तीन दिवस आधीपासून तुम्हाला माहीत होतं. मी दारात चपलांसकट उभी राहून रडत होते तेव्हा माहीत होतं. तुम्ही आत गेलात, गुपचूप सगळं पूर्ववत केलंत आणि मूग गिळून बसलात. आणि सोळा तारखेला माझ्यासाठी शब्दकोड्यांचं पुस्तक घेऊन आलात! ‘‘वहिनी, रोज एक सोडवत जा, डोकं चालतं राहतं.’’ असं म्हणालात, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत. मी तुमचे आभार मानले. आणि रोज एक सोडवलं. एकसुद्धा चुकलं नाही, तरी घाबरतच होते.

आज पेन थांबवतेय ते भीतीनं नव्हे, रागानं. आता मला दोन्हीतला फरक कळतो. उरलेलं उद्या.

दि. १० नोव्हेंबर

काल हे पत्र तुमच्या दादांना वाचायला दिलं. वाचून झाल्यावर घडी घालत म्हणाले, ‘‘घरातलं घरात राहू दे ना. त्याचं आता कुठं नाव होतंय.’’

मी विचारलं, ‘‘माझं नाव गेलं तेव्हा कुठं होतात?’’

त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. चहा तसाच ठेवून उठले आणि खाली जाऊन डेस्कटॉप गाडीत ठेवून आले. वर आल्यावर म्हणाले, ‘‘शनिवारी गाडी मी चालवतो.’’ लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण इतकं माझ्या बाजूचं वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन मनसोक्त रडले.

आईंना अजून सांगितलेलं नाही. त्याही येणार आहेत. तुमचंच आमंत्रण आहे.

एक कबुली देते. पहिले चार दिवस माझ्या मनात वेगळंच होतं. डेस्कटॉपवर ‘तुफान-७’ चढवून, काही न बोलता, हसतमुखानं तुमच्या हाती द्यायचा. मंचावर तुम्ही गेम लावला असतात आणि सहाशे लोकांसमोर मशीननं माती खाल्ली असती. मांडणी चढवूनही ठेवली होती. मग वाटलं, त्यात काय? लोक मशीनला हसले असते, तुम्ही काहीतरी विनोद करून निसटला असतात, वर टाळ्याही घेतल्या असत्या. तुमची जीभ मला माहीत आहे. म्हणून आता सगळं आधी सांगून करतेय. पाच दिवस तुम्हालाही झोपताना काहीतरी मनात म्हणत राहावं लागू दे.

तर ऐका. डेस्कटॉप घेऊन आम्ही येतो. ‘तुफान-७’ वर, मोठ्या पडद्यावर, तुमच्या हातांनी तपासणी लावायची. लाल ओळी यायला बावीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही लोकांना सांगायचं की हे मशीन कुणाचं होतं, त्यावर सकाळी काय काम चालायचं, आणि बारा तारखेला तुम्ही काय वाचलंत. आजारी पडलात, गाडी चुकली, घसा बसला, काहीही झालं तरी चालेल. मग मी बोलेन. माईक तुम्हीच देऊ केलाय आणि अहवालाच्या प्रती मी काढून ठेवल्यात, खुर्चीगणिक एक.

रंगमास्तरांना मी भेटून आले. तिन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी मांडले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, ‘‘बाई, माणूस अशी चूक करत नाही.’’ माझी जागा आता दुसऱ्या मुलीला दिलीय, ती चांगली आहे, तिला काढा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? ते परत मिळणार नाही. तेही शनिवारी येतायत, माझ्या शेजारी बसतील. तुम्ही बोलायचं ते त्यांच्याकडे बघून बोला.

शेवटी फक्त सहा शब्द म्हणायचे. ‘वहिनींचं चुकलं नव्हतं, मला माहीत होतं.’ त्यापुढे एक अक्षर नको. माफी तर अजिबात मागू नका. मागितलीत की चारचौघांत द्यावी लागेल, आणि मला ती द्यायची नाही.

डोकं पूर्ण ठिकाणावर असलेली,
तुमची वहिनी