टाळीवरची बाराखडी

३ मार्च
सरोजिनी मॅडमचा पाय मोडला. महिनाभर येणार नायत. वाईट झालं. पण वर्गाचं भलं झालं, हे इथं लिहायला हरकत नाय. कोण वाचतंय?
मी वर्गाची मदतनीस. डबे उघडायचे, नाकं पुसायची, चपला लावायच्या. पोरं बोलायला चलाख, पण अक्षरं डोक्यात टिकत नाहीत, म्हणून हा वेगळा वर्ग. मॅडम एका वेलांटीला पंधरा दिवस लावतात. वाळूत बोट फिरव, हवेत फिरव. मी तिसरी शिकलेली. आमच्या मास्तरनं छडी फिरवली, सगळं आलं.
हेडमास्तर आप्पासाहेब म्हणाले, भागूबाई, पोरं नुसती सांभाळा, शिकवू नका. व्हय म्हणलं.

४ मार्च
शिकवायला घेतलं.

६ मार्च
अनसूयाचा बाप बन्सी आला. लासूर स्टेशनला कांद्याच्या आडतीवर असतो, पोरगी इथं हर्सूलला आत्याकडं. म्हणाला, दोन वर्षं झाली, पोरीला दारावरची पाटी वाचता येत नाय. पालकसभेला बघतो, नायतर घरी नेतो. धाकट्याला सांभाळील.
मी म्हणलं, सभेला बोट ठेवाल ते वाचून दाखवंल. पोरगी शाळेतच राहणार, शब्द आहे माझा.
अनसूया खाली बघत होती. आनंद झाला असंल.

१० मार्च, दुपार
माझी पद्धत : टाळी. क ला काना का, टाळी. क ला पहिली वेलांटी कि, टाळी. आमच्या गावात अख्खी शाळा अशीच ओरडायची, वेशीपर्यंत ऐकू जायचं.
उद्यापासून पोरांवर ओरडायचं नाय.

११ मार्च
ओरडले. पण कारण होतं.

१७ मार्च
पोरं धडाधड म्हणतात. क, ख, ग, सगळ्याची बाराखडी, तीही न अडखळता. अनसूया सगळ्यात पुढं. आप्पासाहेब दारात थबकले. कोण शिकवतंय म्हणाले. मी म्हणलं, खेळतायत. हसू दाबलं.
मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, पाठ होणं वेगळं, ओळखणं वेगळं. मधलंच एखादं अक्षर विचारून बघा. पाय दुखत असला की माणूस कुरकुर करतं.

१८ मार्च
विचारलं. फळ्यावर नुसता 'की' काढला. वैजनाथ 'का' म्हणाला. भूक लागली होती त्याला. अनसूया 'क' पासून टाळ्या वाजवत निघाली. मी म्हणलं, अगं, एकच सांग. पोटात दुखतंय म्हणाली.
आत्याला सांगायला पाहिजे, सकाळी वडापाव देत जाऊ नका.

२४ मार्च
अनसूया आज आली नाय. पोट.

२८ मार्च
पालकसभा. मॅडम कुबडी घेऊन आल्या. मी म्हणलं, बसा, बघा नुसतं.
बन्सीनं माठावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. 'पाणी'. सोपं.
अनसूयानं सुरुवात केली. प, टाळी. प ला काना पा, टाळी. थांबली असती तर काय बिघडलं असतं? गेली पुढं. पि, पी, पु, पू. बाकीच्या पोरांनीही टाळ्या धरल्या. 'पः' पर्यंत जाऊन आली आणि दम टाकला.
बन्सी म्हणाला, भागूबाई, ही गाडी मधल्या स्टेशनावर थांबत नाय का?
लोक हसले. अनसूया माझ्या मागं लपली. नाय, चुकले, मॅडमच्या मागं लपली.
मॅडमनी तिचं बोट धरून पट्टीवरच्या कान्यावरून फिरवलं. लई वेळ गेला. मग 'पा' म्हणाली, हळू. 'णी' काय निघालं नाय. मॅडम म्हणाल्या, ते अजून शिकवायचंय. बन्सीनं वाकून पट्टी परत एकदा बघितली. मग म्हणाला, 'पा' आलं खरं. दिवाळीपर्यंत ठेवतो.
जाताना पोरगी मला म्हणाली, मावशी, उद्यापासून पण तुम्हीच शिकवणार का? व्हय म्हणलं. तर बापाचा हात धरून म्हणते, मला घरी ने.
बन्सी माझ्याकडं बघायला लागला. मॅडमपण.
म्हणलं, नाय गं. मी आपली डबे उघडून देणार.
मग येते मी शाळेला, म्हणाली.
तरी बन्सीला फाटकापर्यंत जाऊन ऐकवलंच : बघा, राहिली का नाय पोरगी शाळेत? दिला शब्द पाळते मी.