भिंतीला सुटलेलं पोट

रोझमाँ, मॉन्ट्रियल
नोव्हेंबर, स्वयंपाकघराच्या टेबलावरून

प्रिय अल्देज भावोजी,

रोलांद वहिनीचा मनापासून नमस्कार. तुमची प्रकृती, तुमचा गुडघा आणि तुमचा राग, तिघेही कसे आहेत? पहिल्या दोघांना आराम पडावा म्हणून मी दर रविवारी प्रार्थना करते. तिसऱ्याचं काम देवाच्याही आवाक्यातलं दिसत नाही, म्हणून म्हटलं आपणच पत्र लिहावं. तिकडे तुमच्या मतानला नदीवरचा वारा सुरू झाला असेल. कानटोपी घालत जा. (घालत नसणार. तुमच्या घराण्यातल्या पुरुषांच्या डोक्यात काही घालणं अवघड, आणि डोक्यावर घालणं त्याहून अवघड.) कोळंबी स्वस्त झाली असेल तर पोटभर खा, पण खारट कमी. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, असं कानावर आलं.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मादाम केनव्हिल ठीक आहेत, फक्त घराची पुढची भिंत ठीक नाही. तिला पोट सुटलंय. बैठकीच्या खिडकीखाली विटांचा सगळा थर आतल्या लाकडी फळ्यांपासून सुटून असा बाहेर आलाय की टपालवाला जाता-येता त्याच्याकडे आदराने बघतो. ऑक्टोबरात आमचे चिरंजीव सिल्व्हँ रविवारच्या जेवणाला आले. आल्या आल्या भिंतीवरून हात फिरवला, आणि मग माझं डुकराचं रोस्ट खाता खाता म्हणाले, "मामाँ, बर्फ पडायच्या आत ही भिंत सरळ झाली नाही तर घर विकायचं. लाव्हालला एक छान जागा बघितलीय तुझ्यासाठी. लिफ्ट आहे, खाली नर्स आहे, गुरुवारी बिंगो असतो." भावोजी, मी या घरात लग्न होऊन आले. हा मुलगा याच घरात रांगला आणि याच भिंतीवर हॉकीचा चेंडू आपटून त्याने मला वेड लावलं. मी म्हटलं, "भिंत सरळ होईल." तो म्हणाला, "कोण करणार?" मी म्हटलं, "मी!" त्यावर तो हसला. तो हसला नसता तर कदाचित मी गवंड्याला फोन केला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

आता या पोटाचं मूळ कुठे आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. तरी सांगते, कारण मला सांगायचंय. तुमचे थोरले बंधू उर्बँ शहराची बस चालवत. उत्तम चालवत. पण माणसाने बस चालवावी, विटांच्या वाटेला जाऊ नये. सांध्यांतला जुना चुना भुसभुशीत झाला तेव्हा तुम्ही गवंड्याच्या नात्याने यांना किती समजावलंत की वीट जुनी आहे, मऊ आहे, सांध्यात मऊ चुनाच हवा. पाणी सांध्यातून बाहेर पडू दे, नाहीतर ते विटेत बसेल आणि थंडीत गोठून विटेचं तोंड फोडेल. पण तुम्ही म्हणालात, "जुलैची सुट्टी संपली की येतो." बरोबरच होतं तुमचं. त्या पंधरवड्यात अख्ख्या क्वेबेकचे गवंडी थापी खाली ठेवून तळ्याकाठी जातात, हे लहान मुलालाही ठाऊक. आणि सगळ्या प्रांताने थापी खाली ठेवली नेमक्या त्याच पंधरवड्यात बस ड्रायव्हरने ती उचलली! कडक सिमेंट आणलं. पूल बांधायला चाललंय असं सिमेंट. सगळा दर्शनी भाग भरून टाकला. तुम्ही सुट्टीवरून आलात, बघितलंत, आणि फुटपाथवर उभे राहून दोघांनी एकमेकांना जे सुनावलं त्यात चर्चमधलं एकही पवित्र भांडं शिल्लक राहिलं नाही. (आपल्याकडे शिव्याही चर्चमधून उसन्या आणाव्या लागतात, त्यामुळे पाद्रीबाबा समोरून जात होते ते उगाच आपलं नाव घेतल्यासारखे थांबले.) त्यानंतर तुम्ही या दारात आलात ते एकदम यांच्या अंत्यविधीला. कॉफीसुद्धा उभ्यानेच घेतलीत.

असो. मी कामाला लागले. हातोडी, छिन्नी, चष्मा आणि चुन्याचं मिश्रण आणलं. दुकानातला पोरगेला इसम म्हणाला, "आजी, घरी कोणी पुरुष नाही का?" मी म्हटलं, "होता, त्यानेच तर हे करून ठेवलंय." सिमेंट खरवडायला लागले. दिवसाकाठी बशीभर निघायचं. मादाम केनव्हिल जिन्यावर बसून मला धीर देत. त्यांचा धीर म्हणजे कसा? "रोलांद, माझी मावशीसुद्धा अशीच शिडीवरून पडून गेली." शिवाय त्यांना घसरण्याची भारी धास्ती, त्यामुळे पहिल्या दवापासूनच त्या कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं खाली काँक्रीटच्या पायरीवर मीठ फेकतात. त्या मिठाने पायरीची साल निघून आतली खडी दिसायला लागलीय. मी सांगितलं, "मीठ नको, वाळू टाका, काँक्रीट खातंय ते मीठ." त्या म्हणाल्या, "खाऊ दे, मी पडले तर तुला खाईन."

तेवढ्यात थंडी आली. ओल्या चुन्याला गोठू देऊन चालत नाही, तो उबेत वाळायला हवा. हे तुमच्याच तोंडून ऐकलेलं. गवंडी लोक भिंतीला ताडपत्री लावून आत हीटर ठेवतात. माझ्याकडे ताडपत्री कुठली? पण गाडीचा पांढरा तंबू होता, बर्फापासून गाडी झाकायला हिवाळ्यात सगळे जण लावतात तोच. गाडी यांच्या मागोमाग विकली, तंबू राहिला. मी आणि मादामनी मिळून तो भिंतीला टेकवून उभा केला, आत हीटर ठेवला, आणि हीटरवर वाटाण्याच्या सुपाचं पातेलं. (ऊब फुकट का घालवायची?) नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला जपावं तशी मी त्या भिंतीला जपत होते. एकच झालं, वरच्या मजल्यावर जाणारा बाहेरचा लोखंडी जिनाही तंबूच्या आत आला. त्यामुळे मादामना बाहेर पडायचं तर सुपाच्या वाफेतून वाकून यावं लागे. शेजारचे मोस्यू पिलोन दोन दिवस समजत होते की आम्ही हॉटेल काढलंय. तिसऱ्या दिवशी वाडगा घेऊन आले.

आणि नेमक्या त्याच दिवशी सिल्व्हँ आला, सोबत एक बाई. उंच टाचा, पांढरा कोट. मला न सांगता घर दाखवायला दलालीणबाई आणलेली! तिने तंबूत डोकं घातलं तेव्हा मी शिडीवर, मादाम गाऊनमध्ये जिन्यावर आणि मोस्यू पिलोन सूप पीत बसलेले. बाई गोड हसून म्हणाली, "किती छान कौटुंबिक वातावरण!" आणि दृष्ट काढायला हात न्यावा तसा तिने भिंतीच्या पोटावर हात ठेवला. पोट बसलं, भावोजी! आधी एका विटेचं तोंड टपकन तिच्या बुटावर पडलं, मग वीट, आणि मग खिडकीखालचा अख्खा फुगवटा सुस्कारा टाकून खाली आला. देवाच्या कृपेने ती मागे सरली होती. सुपात वीट पडली. धूळ खाली बसल्यावर आतल्या फळ्या दिसल्या आणि त्यांच्यातून बाहेर आलेले गंजलेले खिळे, ज्यांच्या जिवावर ती भिंत इतकी वर्षं उभी होती.

बाईने कोट झटकला आणि सिल्व्हँकडे वळून म्हणाली, "काळजी करू नका, आहे त्या स्थितीतच विकू. घेणारा नाहीतरी पाडूनच टाकेल." पाडूनच टाकेल! माझ्यासमोर! मी शिडीवरून उतरले. आयुष्यभर मी दुधाला 'उतू गेलं' याहून वाईट बोलले नव्हते. पण त्या क्षणी यांनी आणि तुम्ही त्या फुटपाथवर उच्चारलेलं प्रत्येक भांडं मला क्रमवार आठवलं, आणि मी एकही वगळलं नाही. मादाम केनव्हिलनी वरून क्रूसाची खूण केली आणि मग टाळ्या वाजवल्या. बाई गेली. सिल्व्हँ विटांकडे बघून म्हणाला, "मामाँ, बर्फापर्यंत. त्यापुढे मी ऐकणार नाही." मी म्हटलं, "विटा साफ करायला लाग." कोट काढून लागला बिचारा. मनाने वाईट नाही, फक्त घाबरतो.

तर अशी हकिकत आहे. तुमच्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. मी हरलेले नाही आणि हरणारही नाही. लाव्हालच्या बिंगोत माझी खुर्ची रिकामीच राहील, एवढं लिहून ठेवा. गुडघ्याला शेक द्या. मुलीला आणि जावयाला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
रोलांद

ता. क. चुकून कधी इकडे येणं झालंच, तर थापी आणि ओळंबा बरोबर असू द्या. इथल्या लोकांची हत्यारं अगदीच हलकी वाटतात. बर्फ अजून पडलेला नाही.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. दर वसंतात बर्फ वितळला की हे पहाटे उठून अंगणात जायचे. मला वाटायचं, पेपर आणायला. एकदा खिडकीतून बघितलं. खाली वाकून विटांचे उडालेले तुकडे वेचत होते, आणि मला दिसू नयेत म्हणून पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकत होते. दर वर्षी. तोंडाने कबूल केलं नाही कधी, पण त्यांना कळलं होतं भावोजी, की तुम्ही बरोबर होतात. त्यांच्या वतीने मी कबूल करते. आता तरी बसून कॉफी घ्या.

ता. क. ३. वरचे दोन ता. क. लिहून पाकीट बंद केलं, आणि लाज वाटून पुन्हा उघडलं. भिंत झाली आहे. मागच्या आठवड्यात दोन पोर्तुगीज भावांनी खिडकीखालचा भाग नव्याने बांधला, चुन्यातच. दाराच्या डावीकडचे सांधे मी भरले, मादामनी भिंतीला शिव्या देऊन मदत केली. सिल्व्हँने येऊन बघितलं आणि म्हणाला, "भिंत छान आहे. पण मामाँ, मादाम केनव्हिल ख्रिसमसला मुलीकडे कायमच्या चालल्या. एवढ्या घरात हिवाळाभर तू एकटी? ते चालणार नाही." हे मात्र खरवडून निघण्यासारखं नाही. भिंतीसाठी बोलावलं तर तुम्ही याल, माझ्यासाठी बोलावलं तर गुडघा आडवा येईल, म्हणून भिंत अजून तशीच पडून आहे असं भासवून ते सगळं लिहिलं. वरचा मजला रिकामा होतोय. उजेड चांगला येतो, आणि जिना चढवत नसेल तर मी वर जाते, तुम्ही खाली राहा. येताना हत्यारं आणू नका. हिवाळ्याचे कपडे आणा. सगळे.