शंभरातून सात वजा

तीर्थस्वरूप ताईस,

पायांवर डोकं ठेवते (गुडघे दुखत असतील म्हणून अलगद). झोप लागते ना नीट? माझी तब्येत उत्तम आहे. आता तर ती कागदावरही उत्तम आहे, आणि त्याचाच वैताग सांगायला बसलेय.

झालं असं, की सूनबाईंनी मला दवाखान्यात नेलं. कशाला, तर माझे पाय आणि डोकं दोन्ही जाग्यावर आहेत का ते तपासायला! निकाल वाईट आला तर माझं घर बंद करून त्यांच्याकडे राहायचं, हे चिरंजीवांनी परस्पर ठरवलेलं. चौतीस वर्षं मी शाळेत पी.टी.ची बाई होते, पोरांना शिट्टीवर पळवलं, आणि आता एक चिमुरडी फिजिओथेरपिस्ट (हातात स्टॉपवॉच!) मला म्हणते, "आजी, खुर्चीतून उठा, त्या पट्टीपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा. सावकाश हं!" सावकाश म्हणे! मी अशी गर्रकन वळले की तिचं बटण दाबायचंच राहिलं. पुन्हा करा. केलं. मग म्हणाली, आता चालता चालता शंभरातून सात-सात वजा करा. अगं, एक काहीतरी धड करू दे की! पण मीही इरेला पेटले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... अशी गुंगले की पट्टी ओलांडली, दार ओलांडलं, आणि पासष्टला पोचले तेव्हा औषधांच्या रांगेत उभी! मागून ती पोरगी धावतेय, तिच्यामागे सूनबाई, पर्स सांभाळत. (रांगेत घुसले म्हणून एका गृहस्थांनी मला सुनावलं ते वेगळंच.) वजाबाकी बरोबर, पण कागदावर 'चाल'पुढे काय लिहावं हे तिला कळेना. शेवटी एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायची होती. सूनबाई समोरच बसलेल्या. भराभर एकवीस सुचली.

डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने छान." वयाच्या मानाने! गाडीत सूनबाई डोळे पुसत होत्या. सुटल्या म्हणून की अडकल्या म्हणून, कोण जाणे.

तुझी,
धाकटी

ता. क. : डॉक्टरांनी एक फॉर्म दिलाय. मला सगळ्यात जास्त वर्षं ओळखणाऱ्या माणसाने भरायचा : 'पूर्वीपेक्षा काही फरक जाणवतो का?' मुलगा टपलाच आहे. पण तू भर. मात्र तिथून नाही. इथे ये, महिनाभर माझ्याजवळ राहा, मग भर.

दुसरा ता. क. : आणि खरं तेच लिही. परवा बाजारातून येताना कोपऱ्यावर थांबले, तर घर डावीकडे की उजवीकडे हेच आठवेना. बराच वेळ. मग शेजारीण दिसली, तिच्यामागोमाग आले. तिला वाटलं, मी सोबत करतेय. हे कोणालाही बोललेले नाही. सूनबाईंना सांग, तिकडे करमत नाही म्हणून आलीस. लवकर ये गं.